देवनागरी अक्षररचनेला कॉपीराइटचे संरक्षण असावे का?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण स्वतंत्रपणे काम करणारे अक्षरकार आहात. बराच काळ खपून आपण एक देवनागरी अक्षरसंच तयार केला, तो विक्रीस ठेवला, आणि काही महिन्यांतच दुसऱ्या एका विक्रेत्याच्या ‘नव्या’ फॉन्टमध्ये आपल्याला आपलीच अक्षरे दिसू लागली. वकिलांनी ‘अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नसतो’ एवढेच सांगून विषय संपवला. त्यावर आपण विचारता, की चित्राला कॉपीराइट आहे, नकाशाला आहे, संगणकाच्या प्रोग्रॅमलाही आहे. मग अक्षरानेच काय घोडे मारले आहे, आणि त्यालाही तो मिळायला नको का?

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कायदा आज आपल्याला काय देतो हा एक, आणि त्याने काय द्यायला हवे हा दुसरा. मी वकील नाही. देवनागरी अक्षरे काढणे हा माझा व्यवसाय आहे, आणि असे वाद उद्भवले की दोन्ही फॉन्ट समोर ठेवून तांत्रिक मत देण्याचे काम अनेकदा माझ्याकडे येते. त्या अनुभवातून बनलेले माझे मत आधीच सांगून टाकतो. अक्षररचनेला संरक्षण मिळायला हवे, पण ते नेहमीच्या कॉपीराइटचे नसावे. ते थोड्या मुदतीचे असावे, नक्कल करून फॉन्ट बनवणाऱ्याविरुद्ध चालावे, आणि त्या अक्षरांत लिहिणाऱ्या, छापणाऱ्या किंवा वाचणाऱ्या कोणालाही त्याची झळ लागू नये.

आधी आपण नेमके काय विकले आहे ते पाहू, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. त्या वस्तूत तीन थर आहेत. पहिला थर म्हणजे ‘क’ हे अक्षर, जे शेकडो वर्षांच्या लिहित्या हातांनी घडवले आहे आणि ज्यावर कोणाचीही मालकी असू शकत नाही. दुसरा थर म्हणजे आपण त्या ‘क’ला दिलेला घाट: शिरोरेषेची जाडी, काना आणि गोलाईचे प्रमाण, बोरूचा कोन किती ठेवला, गाठ भरीव घेतली की पोकळ, वेलांटी कुठपर्यंत ओढली, आणि हा सगळा विचार सर्व जोडाक्षरांतून सारख्या निष्ठेने कसा पाळला. तिसरा थर म्हणजे संगणकातली फाइल, जिच्यात या घाटाच्या बाह्यरेषांचे बिंदू, अक्षरांमधली अंतरे आणि जोडाक्षरे कशी बनावीत याचे नियम नोंदलेले असतात. संगीताशी तुलना करायची तर राग कोणाचाच नसतो, पण त्यात बांधलेली बंदिश कोणीतरी बांधलेली असते, आणि तिचे ध्वनिमुद्रण ही त्याहून निराळी, तिसरी वस्तू असते. आपला वाद मधल्या थराविषयी आहे, आणि कायदा सर्वांत जास्त गप्प आहे तोही याच थराविषयी.

तिसऱ्या थराची स्थिती त्या मानाने समाधानकारक आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम, तसेच तक्ते आणि संगणकीय माहितीसंग्रह यांचा समावेश साहित्यकृतीत केलेला आहे. फॉन्टची फाइल या दोहोंपैकी एका खणात बसवता येते, आणि आपल्याकडचे फॉन्टचे परवाने याच आधारावर उभे असतात. अमेरिकेतही हीच वाट सापडली. तिथल्या अपील न्यायालयाने १९७८ साली एल्ट्रा विरुद्ध रिंगर या खटल्यात टाइपफेसच्या, म्हणजे एका घाटात काढलेल्या अक्षरसंचाच्या, आकाराला कॉपीराइट नोंदणी नाकारण्याचा कॉपीराइट कार्यालयाचा निर्णय उचलून धरला. पुढे १९९८ साली अ‍ॅडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने फॉन्टची फाइल हा प्रोग्रॅम असून, बाह्यरेषेवर बिंदू कुठे ठेवायचे हे ठरवण्यात निर्मितीक्षमता असते, असे मानले. अक्षर काढणाऱ्या कोणालाही हे पटेल. एकच गोलाई चार बिंदूंतही बसवता येते आणि नऊ बिंदूंतही, आणि त्यांतली निवड हाताच्या सवयीने आणि डोळ्याच्या निर्णयाने होते.

मधल्या थराचे मात्र तसे नाही. आपली कागदावरची मूळ रेखाटने ही आपल्या कायद्यानुसार कलाकृतीच आहेत, कारण रेखाटनाला कलाकृती मानताना त्यात कलात्मक गुण आहे की नाही हे कायदा पाहत नाही. परंतु त्याच कायद्याचे १५वे कलम असे सांगते, की एखादे डिझाइन डिझाइन कायद्याखाली नोंदण्याजोगे असून नोंदलेले नसेल, आणि ते लावलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने ५०पेक्षा जास्त प्रती हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने काढल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. डाउनलोड केलेला फॉन्ट ही ‘वस्तू’ आहे का, आणि डाउनलोड ही ‘औद्योगिक प्रक्रिया’ आहे का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो, आणि निकाल कोणत्या बाजूने लागेल याचा भरवसा कोणी देऊ नये. २००२ साली ‘आनंदा एक्सपांडेड इटॅलिक्स’ या टाइपफेसच्या प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसची कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली होती. २०२५ साली क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळ कलाकृती कोणती आणि तिच्यावरून उत्पादनासाठी घेतलेले डिझाइन कोणते, हे आधी ठरवण्याची कसोटी घालून दिली. तो वाद अक्षरांचा नव्हता, तरी पुढचा युक्तिवाद याच वाटेने जाईल असे मला वाटते. थोडक्यात, आपल्या वकिलांनी दिलेले उत्तर आकारापुरते व्यवहारतः बरोबर आहे. फाइलपुरते ते अपुरे आहे.

म्हणून आपल्या प्रकरणात पहिला खरा प्रश्न असा: समोरच्याने आपली फाइल घेतली आहे, की आकार पाहून पुन्हा काढले आहेत? डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की फरक कळतो, आणि तो कसा कळतो हे जरा तपशिलात सांगतो, कारण हे काम आपण स्वतःही करू शकता.

फॉन्टमधले प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौकटीत काढतात, आणि तिची उंची एककांत मोजतात. समजा, आपला फॉन्ट १००० एककांच्या चौकटीत काढलेला आहे आणि समोरचा २०४८ एककांच्या. आपल्या ‘क’च्या बाह्यरेषेतील प्रत्येक बिंदूचे आडवे आणि उभे अंक २.०४८ने गुणा आणि समोरच्या ‘क’शी ताडून पाहा. पूर्णांक करताना पडणारा एखाद्या एककाचा फरक सोडून सगळे बिंदू जुळले, बिंदूंची संख्या आणि क्रमही जुळला, तर तो योगायोग असू शकत नाही. काही वेळा नक्कल करणारा वक्रांचा प्रकार बदलतो आणि मग बिंदू जुळत नाहीत. अशा वेळी अंतरे पाहावीत. प्रत्येक अक्षराच्या डाव्या-उजव्या बाजूला किती मोकळी जागा सोडली, हे अंक रूपांतरातही सहसा तसेच राहतात. आपण ‘ळ’च्या उजवीकडे सोडलेली जागा, ‘र’नंतर येणाऱ्या उकाराची केलेली सरकावणी, रफार आणि अनुस्वार एकत्र आल्यावर त्यांना दिलेली जागा, हे सगळे निर्णय इतके बारीक असतात, की स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दोन माणसांचे ते शेकडो ठिकाणी एकसारखे येत नाहीत. याखेरीज जोडाक्षरांची यादी पाहावी. आपण एखाद्या ग्राहकासाठी म्हणून घातलेले दुर्मीळ जोडाक्षर समोरच्या संचातही त्याच जागी, त्याच अंतर्गत नावाने दिसले, तर त्याचे उत्तर समोरच्याला द्यावे लागेल.

माझ्याकडे आलेल्या एका वादात निर्णायक पुरावा ‘द्ध’मध्ये सापडला. मूळ रेखाटनात ‘ध’च्या गाठीजवळ एक बिंदू विनाकारण राहून गेला होता. त्याने आकारात काहीच फरक पडत नव्हता, आणि छापल्यावर तर तो दिसणेही शक्य नव्हते. दुसऱ्या फॉन्टमध्ये शिरोरेषा जाड केली होती, वेलांट्या बदलल्या होत्या, नावही नवे दिले होते. तो बिंदू मात्र तिथेच होता. बाह्यरूप पाहून पुन्हा काढणाऱ्याच्या हातून असा बिंदू पडण्याचे काहीच कारण नाही. तो वाद न्यायालयात गेलाच नाही. बिंदूंचे तक्ते समोर ठेवल्यावर तो फॉन्ट विक्रीतून काढला गेला.

परंतु समोरच्याने आपल्या अक्षरांचे मोठे नमुने छापून घेतले असतील, त्यांवरून संगणकाला बाह्यरेषा शोधायला लावल्या असतील आणि मग हाताने सफाई केली असेल, तर बिंदू जुळणार नाहीत, अंतरेही कदाचित जुळणार नाहीत. आपले श्रम, आपली नजर, आपले सगळे निर्णय त्यात असतील आणि तरी आपल्या फाइलमधले एक अक्षरही त्याने घेतलेले नसेल. आजच्या कायद्यातील खरी पोकळी ही आहे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी इथून सुरुवात करतो.

नक्कल स्वस्त झाली की हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहिला आहे. अमेरिकेत डिझाइनला पेटंट देण्याची सोय झाली ती १८४२ साली, आणि तिथले पहिलेच डिझाइन पेटंट जॉर्ज ब्रूस या टाइप ओतणाऱ्या व्यावसायिकाला छपाईच्या टाइपसाठी मिळाले. त्या शतकात विजेच्या प्रक्रियेने तांब्याचा थर चढवून दुसऱ्याच्या खिळ्यांवरूनच, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरूनच, साचे बनवण्याची युक्ती निघाली आणि पोलादात ठसे कोरणाऱ्या कारागिराची मेहनत तिसऱ्याच माणसाने विकायला सुरुवात केली. पुढे विसाव्या शतकात फोटोटाइपसेटिंग आले. छापील नमुन्याचा फोटो काढला की नवा फॉन्ट तयार, अशी अवस्था झाली. तेव्हा १९७३ साली व्हिएन्नामध्ये टाइपफेसच्या संरक्षणासाठी खास आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात किमान १५ वर्षांच्या संरक्षणाची तरतूद होती. पण तो लागू होण्यासाठी पाच देशांची संमती हवी होती. फ्रान्स आणि जर्मनीपलीकडे ती मिळाली नाही आणि करार कागदावरच राहिला. हेरमान झाप्फ यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने आपल्या पॅलाटिनोशी विलक्षण साम्य असलेल्या बुक अँटिक्वा या टाइपफेसवरून १९९३ साली टाइपच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला, याचे कारण हेच, की निषेधापलीकडे फारसा उपाय हाती नव्हता. आज छापील नमुन्यावरून बाह्यरेषा काढण्याचे काम यंत्र काही क्षणांत करते. म्हणजे फाइलला संरक्षण आणि आकाराला नाही, ही विभागणी नक्कल कष्टाची होती तोवर चालून गेली. यापुढे ती पुरणार नाही.

मग सरळ कॉपीराइटच का नको? माझी कारणे तीन आहेत, आणि त्यांतले मुदतीचे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

भारतात कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. देवनागरीचे नामवंत अक्षरकार र. कृ. जोशी यांचे निधन २००८ साली झाले. अक्षररचनेला पूर्ण कॉपीराइट असता, तर त्यांनी घडवलेल्या घाटांच्या वाटेला जाण्यासाठी पुढच्या अक्षरकारांना २०६८ साल संपेपर्यंत थांबावे लागले असते. आपली कला अशी वाढलेली नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी खिळ्यांना वळण दिले. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभारला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून असे खिळे घडवून घेतले, की त्यांची सफाई आजही देवनागरीचा मानदंड मानली जाते. आधीच्या पिढीचे अक्षर समोर ठेवून, त्यातले पटेल ते घेऊन, न पटेल ते सुधारून पुढची पिढी घडली. विद्यार्थ्यांना शिकवताना मी आजही पहिल्यांदा निर्णयसागरची पोथी उघडायला सांगतो. शंभर वर्षांचे कुंपण घातले, तर एका पिढीचे काम दुसऱ्या पिढीच्या हाती जिवंतपणी कधी येणारच नाही.

दुसरे कारण वापराचे आहे. चित्राची प्रत काढणे हा चित्राचा वापर नव्हे, पण अक्षराची प्रत काढणे हाच अक्षराचा वापर आहे. लग्नपत्रिका, एस.टी.च्या पाट्या, पाठ्यपुस्तके, दुकानांचे फलक, हे सगळे कोणाच्या तरी अक्षररचनेची प्रत आहेत. आकाराला बेबंद कॉपीराइट दिला, तर फलकाचा फोटो छापणारे वर्तमानपत्रही तत्त्वतः परवानगीच्या कक्षेत येते. ब्रिटनने १९८८च्या कायद्यात यावर नेमका तोडगा काढला आहे. टाइपफेस ही कलाकृती मानली, पण मजकूर टंकणे, जुळवणे आणि छापणे या नेहमीच्या कामांत तिचा वापर झाला तर तो भंग ठरत नाही, असे स्पष्ट लिहिले. आणि टाइपफेस छापण्याची साधने बाजारात आल्यानंतर २५ वर्षांनी तशीच साधने बनवण्यासाठी केलेली नक्कल खुली केली. आपला कॉपीराइट कायदा ब्रिटिश घडणीतूनच आला आहे, पण ही दोन कलमे आपल्याकडे नाहीत. ती असावीत, असे मी अनेक वर्षे म्हणत आलो आहे.

तिसरे कारण आपल्या लिपीच्या स्वभावात आहे. देवनागरीत काय बदलता येते आणि काय नाही, याची मर्यादा लॅटिनपेक्षा बरीच घट्ट आहे. शिरोरेषा हवीच, बहुसंख्य अक्षरांना काना हवाच, वर मात्रा आणि रफार, खाली उकार यांना जागा राखायलाच हवी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. मराठी मजकुरासाठी फॉन्ट करणारा प्रत्येक जण हेच आकार काढणार. त्यांवर कोणाचा हक्क सांगता येईल? मजकुराचा, एकसारख्या जाडीचा, साधा देवनागरी संच काढायला बसलेल्या दोन सच्च्या अक्षरकारांचे ‘ग’, ‘म’, ‘न’ जवळजवळ सारखे येऊ शकतात, आणि त्यांत कोणीही कोणाची चोरी केलेली नसते. याउलट एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मोदक घ्या. त्यात अक्षरे इतकी फुगवलेली आहेत, की आतल्या मोकळ्या जागांच्या केवळ बारीक रेघा उरल्या आहेत. तो घाट लिपीच्या गरजेतून आलेला नाही. तो रचनाकाराने निवडलेला आहे, आणि तसाच दुसरा संच निघाला तर तो कुठून आला हे विचारण्याचा अधिकार निर्मात्याला असला पाहिजे. म्हणजे संरक्षण किती जाड असावे हे अक्षरसंचाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि एका ‘क’वरून किंवा ‘ल’वरून ते ठरवता येत नाही, संपूर्ण संचाचा ठसा पाहावा लागतो.

याविरुद्ध एक वजनदार आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळणार नाही. अमेरिकेत आकाराला कॉपीराइट नाही, तरी तिथे टाइपचा व्यवसाय भरभराटीला आला. मग संरक्षणाची गरजच काय? याला माझे उत्तर असे, की तिथल्या व्यावसायिकांना फाइलच्या कॉपीराइटचा, डिझाइन पेटंटचा आणि युरोपातील डिझाइन कायद्यांचा आधार होता, आणि इंग्रजीची बाजारपेठ इतकी मोठी आहे, की नकलेतून झालेली गळती सोसूनही मूळ निर्मात्याला काही उरत असे. मराठीत तसे नाही. लॅटिन अक्षरसंच काही शेकडा आकारांत पुरा होऊ शकतो. नीट जोडाक्षरे असलेल्या देवनागरी संचाला ६०० ते ९०० आकार सहज लागतात, आणि पैसे देऊन मराठी फॉन्ट घेणारे ग्राहक मोजकेच आहेत. नकलेने त्यांतले थोडे जरी गेले तरी तो संच करणे परवडत नाही, आणि मग अक्षरकार देवनागरी सोडून पॅकेजिंगच्या किंवा लोगोच्या कामाकडे वळतात. माझ्या माहितीतील काही अतिशय गुणी माणसे अशीच गेली, आणि त्याची मला खंत आहे.

दुसरा आक्षेप मुक्त फॉन्टचा आहे. मुक्ता, बलू, पॉपिन्स असे उत्तम देवनागरी संच ओपन फॉन्ट लायसन्सखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. मग हक्कांची भाषा कशाला? पण हे लायसन्स हक्क नसल्यामुळे चालत नाही, हक्क असल्यामुळेच चालते. फॉन्ट बदला, वाटा, कोणत्याही कामात वापरा, मात्र तो नुसता सुटा विकू नका, त्यावरून केलेला फॉन्ट याच परवान्याखाली ठेवा, आणि राखून ठेवलेले नाव वापरू नका, या अटी कॉपीराइटच्या जोरावरच पाळायला लावता येतात. आपला घाट समाजाला मोफत द्यायचा की विकायचा, हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याकडे असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा कायद्यात काय असावे, याविषयीचे माझे मत असे. अक्षरसंच प्रथम सार्वजनिक झाल्यापासून १५ वर्षे त्याच्या एकूण रूपाला संरक्षण असावे. डिझाइन कायद्यातील १० अधिक ५ वर्षांची मुदत आणि व्हिएन्ना करारातील किमान मुदत दोन्ही तिथेच येतात, त्यामुळे ही संख्या हवेतून आणलेली नाही. त्यासाठी आधी नोंदणी करण्याची सक्ती नसावी, कारण एकट्या अक्षरकाराला ती जमत नाही. नक्कल झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असावी, आणि स्वतंत्रपणे तसाच आकार काढल्याचे दाखवणारा सुटावा. परंपरेने आलेले आणि शासनाने प्रमाण ठरवलेले आकार हिशेबाबाहेर असावेत. आणि मजकूर लिहिणारा, छापणारा, प्रकाशित करणारा यांच्यावर त्या हक्काचा कधीही बडगा उगारता येऊ नये. युरोपीय संघाच्या डिझाइन कायद्यात टाइपफेसचा उल्लेख नावानिशी आहे, आणि तिथे नोंदणीशिवाय तीन वर्षे, तर नोंदणीने जास्तीत जास्त २५ वर्षे संरक्षण मिळते. त्यामुळे अशी व्यवस्था चालूच शकत नाही असे म्हणायला जागा नाही.

एक खुलासा इथेच करतो, कारण आपण प्रश्नात ‘चित्राला मिळतो’ असे म्हटले आहे. एखाद्या नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या शीर्षकासाठी हाताने काढलेली अक्षरे हा वेगळा विषय आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके आठवून पाहा. ती त्या नाटकापुरती रेखाटलेली चित्रेच आहेत, त्यांतून दुसरे शब्द जुळवता येत नाहीत, आणि त्यांना कलाकृती म्हणून संरक्षण मागताना वर सांगितलेली १५व्या कलमाची अडचण फारशी येत नाही. आपण एखादे बोधचिन्ह आणि त्यावरून पुढे अक्षरसंच, असे दोन्ही केले असेल तर दोन्हींचे करार वेगळे ठेवा.

आता आपल्या हातात आज काय आहे ते पाहू. बरेच काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. संच नोकरीत असताना केला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक नोकरी देणारा असतो, आपण नव्हे. संचाचा काही भाग मुक्त फॉन्टवरून घेतला असेल, तर त्या परवान्याच्या अटी आपल्यालाही लागू आहेत, आणि तक्रार करण्यापूर्वी ते तपासा. हे दोन्ही नसेल, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे बिंदू, अंतरे आणि जोडाक्षरांचे नियम ताडून त्यांचे तक्ते करा. तारखा असलेल्या मूळ कार्य-फाइली, कागदावरची रेखाटने, चाचणीचे छापील ताव, ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, यांतले काहीही टाकू नका. फाइलची नक्कल दिसत असेल, तर फॉन्टच्या प्रोग्रॅमची कॉपीराइट नोंदणी करून घ्या. हक्क नोंदणीशिवायही असतो, पण नोंदीला न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून किंमत असते.

केवळ आकार सारखे दिसत असतील, तर रागाच्या भरात कॉपीराइटची नोटीस पाठवू नका. कायद्याच्या ६०व्या कलमाप्रमाणे निराधार धमकी दिल्याबद्दल समोरचाच आपल्याविरुद्ध दावा लावू शकतो. अशा वेळी आपल्या विक्रीच्या परवान्यात फॉन्टवरून दुसरा फॉन्ट बनवण्यास मनाई केलेली आहे का, आणि समोरच्याने किंवा त्याच्या माणसाने तो परवाना घेऊन आपला फॉन्ट विकत घेतला होता का, हे पाहा. तसे असेल तर करारभंगाचा मुद्दा उभा राहतो, आणि त्याला आकाराच्या कॉपीराइटची गरज नसते. फॉन्टचे नावही वापरले असेल, तर तो ट्रेडमार्कचा स्वतंत्र विषय आहे.

या संचासाठी भारतात डिझाइन नोंदणीची वेळ निघून गेली आहे, कारण आधी प्रसिद्ध झालेले डिझाइन आपल्याकडे नवे धरले जात नाही. परंतु युरोपीय संघात प्रसिद्धीनंतर १२ महिन्यांची सवलत असते आणि अमेरिकेत डिझाइन पेटंटसाठी एक वर्षाची. आपला संच त्या मुदतीत असेल आणि परदेशात विकला जाण्यासारखा असेल, तर या महिन्यातच त्या विषयातील वकिलाशी बोला. पुढच्या संचाच्या वेळी मात्र एकही नमुना कुठे टाकण्यापूर्वी अर्ज करा. डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टाइप आणि टाइपफेससाठी १८-०३ हा स्वतंत्र उपवर्ग आहे. डिजिटल फॉन्ट ही ‘वस्तू’ आहे का, यावरून कार्यालय हरकत घेऊ शकते, आणि ती घेतली तर लेखी उत्तर द्या. अशी उत्तरे नोंदीत जमा होत गेली, तर कायदा बदलण्याची मागणी करताना आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल.